विंचू आणि वही

कोकणात विंचवाचे दोन मोसम. एक पावसाच्या तोंडावरचा, मे-जूनचा. दुसरा दसरा-दिवाळीच्या सुमाराचा, भातकापणीचा. लाकडं, गोवऱ्या, पेंढा, उतरवून ठेवलेली कौलं, जांभ्याचे दगड... जिथे जिथे माणसाचा हात जाणार, तिथे नेमका तो आधीच जाऊन बसलेला असतो. मी मूळची साताऱ्याकडची. १९७४ साली नोकरीच्या निमित्ताने घाट उतरून खाली आले, तेव्हा शेजारच्या काकींनी मला पहिली गोष्ट शिकवली ती म्हणजे चप्पल झटकून पायात घालायची. ती सवय अजून आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, तरी सकाळी चप्पल झटकते. सुनेला हसू येतं. येऊ दे!

काकींनी दुसरी गोष्ट शिकवली ती विंचवाची ओळख. काळा, मोठा, ऐसपैस नांग्यांचा दिसतो भयंकर, पण चावला तर माणूस रडतो, ओरडतो आणि बरा होतो. लाल, लहानसा, बोटाएवढा असतो तो मात्र माणूस नेतो. दिसायला गरीब तोच जास्त घातकी. "बाई, हे माणसांतही असंच असतं," असंही काकी म्हणाल्या होत्या, पण ते जाऊ दे.

आज हे सगळं लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या घरात सध्या एक वाद चालू आहे. त्या वादाकडे मी येतेच, पण आधी थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं कळायचं नाही.

आमची शाळा सावित्रीच्या खोऱ्यातली, चार वर्गखोल्यांची. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड ते १९८१ साली झालं. मुलं आसपासच्या वाड्यांतून चालत यायची. कापणीच्या दिवसांत हजेरी निम्म्यावर यायची, कारण मुलंही शेतावर जायची. १९७७ सालच्या अशाच एका आठवड्यात माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी यायची थांबली. दोन दिवसांनी तिचा धाकटा भाऊ आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, ताईला इंचू चावला. ती गेली."

पुढे तिच्या आईकडून सगळं कळलं. संध्याकाळी पेंढा उचलताना चावला होता. मुलगी थोडी रडली, मग गप्प झाली. दुखायचं थांबलंय म्हणाली. घरच्यांना बरं वाटलं. तरी भगताकडे नेलंच. त्याने विंचू उतरवला. मग तिला घाम सुटला, एवढा की झगा पिळून काढावा. उलट्या झाल्या. हातपाय गार पडले. रात्री दम लागला, तोंडाला फेस आला, त्यात लालसर झाक. पहाटे डोलीत घालून आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्या काळी जे देत असत ते सगळं दिलं. दुपारपर्यंत ती गेली.

शाळेत मुलाचं नाव कमी करायचं असेल तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईने रेघ मारायची आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं, अशी आमची पद्धत. 'स्थलांतर', 'शाळा सोडली', 'मयत'. मी ती रेघ मारली. मुख्याध्यापकांनी सही केली. कागदोपत्री काम संपलं.

त्या वेळी मला कोणाचाच राग आला नव्हता, हे मुद्दाम सांगते. राग यायला कोणीतरी काहीतरी करायचं होतं आणि केलं नाही असं वाटावं लागतं. आम्हाला वाटायचं, याला इलाजच नाही. लाल विंचू चावला की काही जगतात, काही जातात. पाऊस पडतो तसं. भगताला यश यायचं तेही त्यामुळेच. ज्याला नुसत्या वेदना होतात तो आपोआपच बरा होतो, मग उतारा म्हणून चिंचोका घासून लावा नाहीतर मंत्र म्हणा. श्रेय मात्र चिंचोक्याला. आणि जो जायचा त्याच्याबद्दल म्हणायचं, "उशीर झाला आणायला."

आता दुसरी गोष्ट. मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली. बहुधा १९९२ किंवा ९३ असेल. शाळेच्या पडवीवरची कौलं शाकारायला काढली होती. सातवीतला एक मुलगा, मदतीच्या उत्साहात, कौलांच्या ढिगाऱ्यात हात घालून बसला. लाल विंचू. मी तिथेच होते. तासाभरात त्या पोराला घाम फुटला आणि माझ्या डोळ्यांपुढे ती जुनी लाल रेघ उभी राहिली. आमच्या एका सहकाऱ्याने दुधाचा टेम्पो थांबवला आणि पोराला तालुक्याला नेलं. चौथ्या दिवशी पोरगा वर्गात हजर! हाताला सूज नाही, काही नाही, उलट मित्रांना सांगत होता की मला 'बीपीची गोळी' दिली, आमच्या आजोबांना देतात तसली.

मला ते काही केल्या समजेना. विंचवाला रक्तदाबाची गोळी? विंचू तोच होता, मुलूख आणि रस्ताही तोच. पोरंही तशीच, काटकुळी. मग या पंधरा वर्षांत मध्ये झालं तरी काय?

झालं होतं ते असं.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरीब शेतकऱ्याच्या घरातले, नागपूरला एमबीबीएस झालेले. माझी त्यांची कधी गाठ पडलेली नाही. जे सांगते आहे ते वाचलेलं आणि नातवाने समजावून दिलेलं. बिरवाडीत आल्यावर विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. पुस्तकात यावर धड उपाय नव्हता. असं मरण नवीन होतं असंही नाही. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कोकणातल्या विंचूदंशाच्या ७८ रुग्णांची हकीकत दिली होती, त्यांतले २३ दगावले होते. म्हणजे दहांत तीन! वर्गातल्या तीस मुलांपैकी नऊ, असा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि पुढचं वाचायला थोडा वेळ लागला.

बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाजवळ बसले. रात्र रात्र बसले. नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय गार कधी पडले, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, दम कधी लागला, हे वेळ घालून लिहीत गेले. एकाचं नाही, दोघांचं नाही, येईल त्या प्रत्येकाचं. आणि मग त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला.

तो क्रम मला माझ्या भाषेत सांगू द्या. आपल्या शरीरात धोक्याची घंटा आहे. वाघ दिसला की ती वाजते, छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात, माणूस पळतो आणि मग घंटा थांबते. लाल विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, ती मिटू देत नाही. त्यामुळे ही घंटा थांबतच नाही. शाळेची घंटा शिपाई वाजवतच राहिला तर जसा गोंधळ होईल तसा. आधी घाम, लाळ, उलट्या. मग शरीरभर रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे होतात, रक्तदाब चढतो. बिचारं हृदय त्या आवळलेल्या वाटांमधून रक्त ढकलून ढकलून थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. तोच तो फेस, लालसर झाक असलेला.

आणि एक गोष्ट वाचून तर मी सुन्नच झाले. ज्याला चावल्या जागी असह्य वेदना होतात त्याचा धोका बहुधा कमी असतो. विष ज्याच्या अंगात भिनतं त्याला तिथे फारसं दुखत नाही. तो बरा व्हायला लागला की वेदना परत येते. म्हणजे "दुखायचं थांबलंय" हे ऐकून ज्या क्षणी आमच्या त्या मुलीच्या घरच्यांना हायसं वाटलं, तीच खरी धोक्याची खूण होती. हे त्या घराला कोणी सांगायचं? तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं.

ही आधीची लक्षणं ओळखायची कशी, हे बावस्करांनी १९८२ साली लॅन्सेटमध्ये लिहिलं. लॅन्सेट म्हणजे इंग्लंडमधलं १८२३ पासून निघणारं, वैद्यकातलं फार मानाचं नियतकालिक. मग ते पुण्याला एमडी करून पुन्हा त्याच मुलखात परतले. आजाराचा क्रम कळल्यावर उपायाचा विचार सरळ होता. वाटा आवळल्यात ना? मग त्या मोकळ्या करा. आधी शिरेतून द्यायचं सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. पण त्याला सतत देखरेख लागते, ठिबक धरून बसावं लागतं, खेड्यात ते कसं जमावं? मग प्राझोसिन. रक्तदाबावरची, पोटात घ्यायची, स्वस्तातली गोळी. विष ज्या मार्गाने वाहिन्या आवळतं नेमका तोच मार्ग ती अडवते. १९८६ साली ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी मिळून हेही लॅन्सेटमध्ये मांडलं. त्याआधी डॉक्टर मंडळी अ‍ॅट्रोपिन आणि स्टिरॉइड देत असत. त्यांतल्या अ‍ॅट्रोपिनने तर आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवलं जातं. म्हणजे ज्यांनी दिलं त्यांनी पुस्तकाप्रमाणे, चांगल्या हेतूनेच दिलं होतं. पण पुस्तक आपल्या विंचवाला पाहून लिहिलेलं नव्हतं!

प्राझोसिन येण्याआधी गंभीर रुग्णांत शंभरातले पंचवीस-तीस जात होते. ते आल्यावर हे प्रमाण एकाच्याही खाली आलं. माझ्या सातवीतल्या पोराची 'आजोबांची गोळी' ती हीच.

हे इथेच संपलं असतं तरी गोष्ट गोड होती. पण शास्त्रात गोड शेवट नसतो, पुढचा प्रश्न असतो. विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, द्यावं का? १९९९ साली ट्युनिशियात आठशेहून जास्त रुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि निष्कर्ष निघाला की सरसकट प्रतिविष देऊन फायदा नाही. एवढा मोठा अभ्यास, लॅन्सेटमध्ये छापलेला. कोणीही म्हटलं असतं, संपला विषय. पण त्या रुग्णांत बरेचसे सौम्य होते, आणि विंचूही तिकडचे. आपल्या लाल विंचवाचं काय? बावस्करांनी महाडला स्वतःच्या रुग्णालयात ७० रुग्णांवर तुलना केली. निम्म्यांना नुसती प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. नुसत्या गोळीने बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागत होते, दोन्ही दिल्यावर ८ तास. हे २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. ज्या नियतकालिकात पन्नास वर्षांपूर्वी ७८ पैकी २३ मेल्याची नोंद झाली होती, त्याच नियतकालिकात! २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता घरातल्या वादाकडे येते.

माझ्या पुतण्याचा मुलगा गेल्या वर्षी एमबीबीएस झाला. हुशार आहे, मनाने मऊ आहे, आणि हे मी आजी म्हणून नाही, मास्तरीण म्हणून सांगते. त्याला बंधपत्राची एक वर्षाची सेवा करायची आहे आणि नेमणूक आली आहे एका दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तो नाराज आहे. त्याचे आईवडील जास्त नाराज आहेत. पुढच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास बुडणार, बरोबरीची मुलं पुढे जाणार. दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा तो म्हणाला, "आजी, एक वर्ष वाया चाललंय."

'वाया' हा शब्द माझ्या कानात अडकला. मी लगेच बावस्करांची गोष्ट सुरू केली. त्याने शांतपणे ऐकून घेतली, मुलगा गुणी आहे. मग म्हणाला, "आजी, ते थोर आहेतच. पण तू मला सांगतेस ते आम्हाला पहिल्या वर्षापासून सगळेच सांगतात. दर वर्षी हजारो डॉक्टर खेड्यात जातात. त्यांतला एक बावस्कर होतो. बाकीचे काय करतात ते कोणी सांगत नाही. बाकीचे अहवाल भरतात. औषध संपलेलं असतं तेव्हा शिव्या खातात. रात्री दोनला रुग्ण दगावला तर नातेवाइकांच्या तावडीतून जीव वाचवतात. आणि संशोधन म्हणशील तर आता तसं लिहून पाठवता येत नाही. नैतिक समितीची परवानगी लागते, रुग्णाची लेखी संमती लागते, आकडेशास्त्राचा माणूस लागतो. तिथे मला साधा नेटचा सिग्नल मिळणार नाहीये."

खरं सांगते, त्याचं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. मी स्वतः पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेची नोकरी केली आहे. अहवाल म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. आणि थोर माणसाचं उदाहरण तरुण पोराच्या डोक्यावर आपटणं हा आम्हा शिक्षकांचा जुना रोग आहे. साने गुरुजींचं उदाहरण देऊन आमच्याकडून फुकट कामं करून घेणारे अधिकारी आम्हीही पाहिले आहेत!

म्हणून त्याग वगैरे शब्द मी बाजूला ठेवले आणि चार दिवस विचार केला. मग जे सुचलं ते त्याला फोनवर सांगितलं. तेच इथे लिहिते, म्हणजे घरातल्या बाकीच्यांनाही कळेल आणि "आजी पोराला उगाच भरीला घालते" हा आरोप तरी नीट ऐकून होईल.

माझं म्हणणं असं. उष्ण प्रदेशातले जे आजार आहेत त्यांची गंमत बघा. विंचू महाडला चावतो. लंडनला चावत नाही, मुंबईच्या मोठ्या इस्पितळातही क्वचितच. माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडला, तो जंगलात माकडं मरताहेत हे गावात दिसलं म्हणून. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची माणसं तिथे गेली तेव्हा शोध लागला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळं का दगावतात ते गावागावांत बसून मोजलं, गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी उपचार केले, आणि १९९९ साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. ही कामं मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत बसून झाली नसती. उपकरणांची तिथे वाण नाही, पण रुग्ण तिथे नाहीत. आणि असतात तेव्हा उशिरा पोचतात, मधला क्रम हरवलेला असतो. घाम आधी की उलटी आधी, हे ज्याने पहिल्या तासाला पाहिलं त्यालाच माहीत. म्हणजे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरजवळ एक गोष्ट अशी असते जी जगातल्या कुठल्याही मोठ्या प्राध्यापकाजवळ नसते. तो तिथे असतो!

दुसरं. या आजारांवर संशोधन कमी होतं कारण ते गरिबांचे आजार आहेत, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. २००८ साली दोन अभ्यासकांनी जगभरातला अंदाज काढला, वर्षाला विंचूदंश १२ लाख आणि मृत्यू ३,२५० हून जास्त. सापाचं तर विचारूच नका. २००० ते २०१९ या वीस वर्षांत एकट्या भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला ५८,००० च्या आसपास, असा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपेक्षित आजारांच्या यादीत सर्पदंश २०१७ साली गेला. विंचवाला तिथे वेगळी जागाही नाही. पेंढा उचलणाऱ्या बाईसाठी कुठली कंपनी नवं औषध शोधणार? पण म्हणूनच प्राझोसिनची गोष्ट मला मोलाची वाटते. तिथे नवं औषध शोधावंच लागलं नाही. औषध दुकानात होतंच. नव्हतं ते लक्ष. मरणाऱ्या मुलाच्या हाताला हात लावून 'हा गार का पडला?' असं विचारणारं कोणी नव्हतं.

तिसरं, आणि हे मी शिक्षिका म्हणून म्हणते. आपण संशोधन या शब्दाला फार उंचावर नेऊन ठेवलंय. माझ्या समजुतीप्रमाणे त्याची पहिली पायरी म्हणजे हजेरी घेणं. कोण आलं, कोण नाही आलं, का नाही आलं, हे रोज, न चुकता, खरं खरं लिहिणं. आम्ही हजेरीपटावर 'मयत' लिहीत होतो आणि पान उलटत होतो. त्या शब्दाच्या आधीचे बारा तास बावस्करांनी लिहिले. एवढाच फरक, आणि तेवढ्यावर शेकडो पोरं वाचली.

म्हणून मी नातवाला म्हटलं, "तू संशोधन करू नकोस. तुझी परीक्षा दे, जरूर दे. फक्त एक शंभरपानी वही घे. रोज रात्री झोपण्यापूर्वी एक ओळ लिही, आज मला काय कळलं नाही. रुग्णाचं नाव लिहू नकोस, गाव लिहू नकोस. जे पुस्तकाशी जुळलं नाही तेवढंच लिही. वर्षाच्या शेवटी त्यात काही दिसलं तर परवानगी, संमती, आकडेशास्त्र सगळं नंतर बघता येईल, तुझे प्राध्यापक आहेत. काही नाही दिसलं तर वही रद्दीत घाल. पण वर्ष वाया गेलं की नाही, हे ती वही भरल्याशिवाय ठरवू नकोस."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि वही नाही भरली तर?"

"तर नाही भरली," मी म्हटलं. "मी काय तुझी वही तपासायला येणार आहे का?"

तो हसला. अजून रुजू झालेला नाही, कागदपत्रांचं चाललंय. काय करेल ते करेल. त्याच्या आईचा माझ्यावर थोडा राग आहे, हेही मला ठाऊक आहे. सूनबाई, तुझी काळजी मला कळते गं. रात्री-अपरात्री पोरगं परक्या गावात एकटं असणार, हे कोणत्या आईला आवडेल? डॉक्टरांना मारहाण होते, राहायला धड खोली नसते, हे सरकारने सुधारायलाच हवं आणि त्यासाठी भांडायलाही हवं. फक्त 'वाया' म्हणू नका, एवढंच माझं मागणं आहे. कारण ते केंद्र ज्यांच्यासाठी आहे त्यांनी तो शब्द ऐकला तर त्यांना काय वाटेल?

असो. आता थोडं कामाचं, कारण मे महिन्यात आपल्यातली बरीच मंडळी गावाकडे जातात. बिछाना झटका. चप्पल-बूट झटका. लाकडं-गोवऱ्या काढताना आधी काठीने हलवा. अंधारात अनवाणी फिरू नका. लाल विंचू चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणं यांतलं काही दिसलं तर क्षणभरही थांबू नका, थेट दवाखाना. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही बघू नका. "दुखत नाही" म्हणालं म्हणून निर्धास्त होऊ नका. प्राझोसिनची गोळी घरी ठेवून आपल्या मनाने देऊ नका. तिने रक्तदाब उतरतो, मात्रा वजनावर ठरते, देणाऱ्याला रक्तदाब मोजता यायला हवा. आणि आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विंचवावरचे जे दोन थेंबांचे रामबाण उपाय फिरतात, ते पुढे ढकलण्याआधी कृपा करून एकदा त्या चिंचोक्याची आठवण काढा. बहुतेक जण आपोआप बरे होतात, म्हणूनच प्रत्येक उपाय खरा वाटतो. ज्याचा जीव धोक्यात आहे त्याचा त्यात वेळ जातो.

आणि आमच्या पिढीतल्यांना एक विनंती. तुमच्या गावात कुठला ताप कधी यायचा, कशाने माणसं जायची, त्यावर काय करत असत, हे आठवत असेल तर लिहून ठेवा. तारीख आठवत नसेल तर 'अमक्याच्या लग्नाच्या साली' असं लिहा, चालेल. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते तपासायला मी आहे!